चातुर्मासातली तारीख

आषाढ लागला तेव्हा वडिलांनी आत्याला विचारलं, "ताई, यंदाही मौन धरणार ना?" माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. एरवी ते तिच्या व्रतांची टिंगल करत.

आत्या विधवा. वाईला एकटी राहायची आणि नवऱ्यामागे हळदीचा मळा स्वतः बघायची. गडी तिला टरकून असत. चातुर्मासात मात्र ती चार महिने अक्षर बोलत नसे. खाणाखुणासुद्धा नाहीत, फार तर हात जोडायची. लिहिता तिला येत नव्हतं.

युद्धाचे दिवस होते. श्रावणात वडील एका डॉक्टरांना घेऊन वाईला गेले. डॉक्टर तिच्याच घरी पोटभर जेवले आणि तिचं डोकं ठिकाणावर नसल्याचा दाखला देऊन आले. त्यावर वडिलांनी साताऱ्याच्या कोर्टात अर्ज केला, की बहिणीचा आणि मळ्याचा कारभार माझ्या हाती द्यावा. तारीख पडली भाद्रपदातली. आत्याच्या सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मला नेलं. मी चौदा वर्षांची होते.

जज्जसाहेब परप्रांतातले. दुभाष्यानं विचारलं, नाव काय, गाव कुठलं, मळ्यात काय पिकतं. प्रत्येक प्रश्नाला आत्यानं हात जोडले आणि निवांतपणे वडिलांकडे पाहिलं. भाऊ सांगेल, अशी तिची खात्री होती. वडील छताकडे बघत होते. मला सगळं कळत होतं. पण वडिलांची भयंकर भीती वाटायची, म्हणून मी बाकाचा ढलपा नखानं उचकटत बसले.

निकाल वडिलांच्या बाजूनं लागला. मळ्यावर त्यांचा माणूस बसला आणि आत्या साताऱ्याला आमच्या घरी आली, तीही मुक्यानंच.

एकदा जेवताना मी धीर करून वडिलांना विचारलं, कोर्टात आत्याच्या मौनाचं का नाही सांगितलंत. "चातुर्मास चाललाय हे ध्यानातच राहिलं नाही गं," ते म्हणाले. तेवढ्यात आम्हा मुलांसाठी केलेली वांग्याची भाजी घेऊन आई आली, तशी त्यांनी ताटावर हात आडवा धरला. चातुर्मासात ते वांगं खात नसत.

कार्तिकातल्या द्वादशीला आत्यानं मौन सोडलं. आता काय ऐकावं लागतंय म्हणून वडील देवघराच्या दाराशी चेहरा पाडून उभे होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला जवळ बोलावलं.

"माझं व्रत होतं गं," ती म्हणाली. "तुझं कसलं होतं?"