महालाच्या पायथ्याचा शिक्का

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला पहिल्यांदाच सांगतो आहे.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. पारनेरची शाळा संपवून मी नगरला कॉलेजात आलो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मी राहायचो त्या भागात बड्या घरच्या मुलांचा सायकल क्लब होता — वाकड्या हँडलच्या, गियरच्या सायकली. एक तर थेट विलायतेहून आलेली. माझ्याकडे सायकलच नव्हती. तरी ती मुलं मला बरोबर घेत. मी त्यांच्या चेन पुसून देई, आणि त्यांनी नावाने हाक मारली की दिवसभर खूश असे. एवढ्यानं खूश? — हो, एवढ्यानंच.

क्लबनं शर्यत ठेवली. नगरहून चांदबीबी महालाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि परत. कोणीही उतरावं. पायथ्याशी वळताना प्रत्येकाच्या मनगटावर शाईचा शिक्का मारायचा — ते काम माझ्याकडे.

आमच्या गल्लीत दूध घालणारा गेनूही शर्यतीला आला. महालापलीकडच्या वस्तीवरून तो रोज याच रस्त्यानं यायचा. जड काळी सायकल, कॅन अडकवायचे आकडे तसेच लोंबत असलेले, पाय अनवाणी.

"काय गेनबा, शर्यतीला आलास का रतीब घालायला?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

मग क्लबच्या सेक्रेटरीच्या वडिलांच्या जीपनं मला पायथ्याशी सोडलं. आणि पहिला कोण आला? — गेनू. एकटाच. मागचा रस्ता रिकामा.

"मारा सायेब बिगीनं, गिऱ्हाइकं खोळंबल्यात!" हसत त्यानं मनगट पुढे केलं. मी शिक्का मारला. दुसरा स्वार येईपर्यंत माझा चहा पिऊन झाला होता.

मी नगरला परतलो तेव्हा सगळे गेनूभोवती जमले होते. एवढ्या लवकर येणं शक्यच नाही, हा अर्ध्यावरून वळला — असं ठरून गेलं होतं. घामानं त्याच्या मनगटावर नुसता जांभळा डाग उरला होता.

"ह्ये बगा आले. इचारा की सायेबान्ला," गेनू निर्धास्तपणे म्हणाला. "त्यांनीच मारला शिक्का."

सेक्रेटरीनं माझ्याकडे पाहिलं. मला कोणी धमकावलं नव्हतं. कोणी डोळासुद्धा मारला नव्हता. त्याला कोणतं उत्तर हवं आहे, एवढं मला कळत होतं — बस.

"माझ्या लक्षात नाही," मी म्हणालो.

गेनूचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग तो सायकल घेऊन निघून गेला.

इथवरच असतं तर — पण नाही. "शर्यतीत लबाडी करणारा दुधात किती पाणी घालत असेल!" आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा गवळी लावला. मग शेजारच्यांनी. महिन्याभरात गल्लीत गेनूचं एकही घर उरलं नाही. मी एक वाक्य बोललो असतो तर? नाही बोललो. नव्या गवळ्याच्या दुधाचा चहा पीत राहिलो. बी.ए. झालो, नोकरी लागली. वडिलांनी गावभर पेढे वाटले.

लग्नानंतर एकदा तिसगावच्या स्टँडवर गेनू भेटला. हमाली करत होता. पाठीवरचं पोतं उतरवून तो जवळ आला. शर्यतीचं नावही काढलं नाही. माझ्याशी नाही, माझ्या बायकोशी बोलला.

"वैनी, सायेबांच्या गल्लीत मीच दूध घालायचो. देवाशपथ सांगतो, पानी कधी न्हाई घातलं."

तिला काही उमगलं नाही. ती माझ्याकडे पाहू लागली. तोही पाहू लागला.

"चल, गाडी सुटेल," मी तिला म्हणालो.

गाडी सुटायला अजून अर्धा तास होता.