फौजींचं वजन

केडगावात त्यांना सगळे फौजी म्हणायचे. रोज सकाळी पळून आले की ते माझ्या किराणा दुकानात शिरायचे, बूट बाहेर काढायचे आणि धान्याच्या काट्यावर टाचा जुळवून, छाती काढून उभे राहायचे. आकडा मी वाचायचा, त्यांनी समोर बघायचं, अशी आमची रीत होती.

"वजन वाढलं की फौजेत सुट्टी बंद," ते सांगायचे. पेन्शनीत आले तरी पुरणपोळीच्या दुसऱ्या दिवशी ते जास्तच पळायचे. खुशीत असले की काट्यावर उभ्याउभ्याच भरतीची गोष्ट निघायची. "तवा उलटं हुतं. वजन कमी भरत हुतं. मग केळी खाल्ली, तांब्याभर पानी पिलो आन् गेलो काट्यावर. पास." सांगताना ते एवढे हसायचे की आकडा थरथरायचा.

गेल्या वर्षी तो आकडा आपोआप उतरायला लागला. पळणं थांबलं, पट्ट्याला नवी भोकं पडली. एका सकाळी ते रिक्षातून उतरले, शेजारच्या गाड्यावरून केळी घेतली आणि माझ्या दारात उभ्यानेच भराभर खाल्ली. घशाखाली उतरत नव्हतं, तरी वर माठातलं पाणी प्यायले.

"डॉक्टर आज वजन घेनार हायेत," म्हणाले. "कमी भरलं तर दवाखान्यातच ठिवून घेतील."

मग काट्यावर चढले. टाचा जुळवल्या, नजर समोर.

"भरलं का?"

"भरलं, फौजी," मी म्हणालो. आकड्याकडे मी बघितलंच नव्हतं.