सहीपुरती मेंबर

धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. ती कार्डिफला नर्स आहे. आदल्या दिवशी वेल्सच्या विधानसभेत, सेनेदमध्ये, नुसती बघायला गेलेली.

"अक्का, वरच्या गॅलरीत बसलेवते. खाली सगळे आमदार. कुणी वेल्श बोललं की कानातल्या हेडफोनवर विंग्रजी येतं. आन् बायका काय बोलत्यात गं!"

मग म्हणाली, लंडनची संसद निराळी. पण आपले दवाखाने, आपल्या शाळा यांचं आपणच बघायचं, म्हणून लोकांनी मत देऊन ही सभा आणली. आता तिलाही तिथं मत आहे.

"मज्जा हाय बाई तुझी," मी म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली. खरं सांगते, जळफळाट झाला माझा. शाळेत भाषणाला नंबर माझा यायचा, ही माझ्यामागं लपायची. आणि निवडून कोण आलं? मी! सोमाटण्याजवळच्या आमच्या गावात, महिला राखीव वॉर्डातून. पण पंचायतीच्या सभेला जातात ते आमचे मालक. गाव मेंबर म्हणतं तेही त्यांनाच. सभा झाली की शिपाई रजिस्टर घरी आणतो, मी पदराला हात पुसते आणि सही करते. आत काय लिहिलंय ते कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई रजिस्टर घेऊन आला तेव्हा डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, बघू तरी. डोंगरावरच्या वाडीची नळाची लाईन यंदा रद्द. ठराव मांडणारी म्हणून नाव माझं! त्याच वाडीतल्या बायकांना मी पाण्याचा शब्द दिला होता, त्यांच्याच मतांवर आले होते.

"मी न्हाई सही करायची."

ओट्यावर बसलेले मालक हसले. खिशातलं पेन काढून त्यांनी माझ्यादेखत माझी सही केली. हुबेहूब! कितीदा गिरवली असेल कोण जाणे.

मी रजिस्टर ओढून घेतलं, त्या सहीवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'मी एकाही सभेला गेले नाही. हा ठराव माझा नाही.'

"याड लागलं का? सभा चुकवल्या म्हणून मेंबरकी जाईल!"

"जाऊ द्या की," मी म्हटलं, "माज्याकडं आलीच कुटं व्हती?"