फ्रान्सला गेलेले हात

पो नदीकाठच्या त्या छोट्या संस्थानात ओर्सोला राजवाड्याची धोबीण होती. थंडगार पाण्यात नि राखेच्या खारात वर्षं काढूनही तिची बोटं लांबसडक, निमुळती राहिली होती. कशी, ते देवच जाणे. म्हणून तर राणीसाहेबांच्या चित्राचे नुसते हातच रंगवायचे उरले आणि त्यांना बसायला फुरसत होईना, तेव्हा चिताऱ्यानं हिलाच बोलावलं. राणीसाहेबांच्या मखमली बाह्या चढवून ओर्सोला आठवडाभर मजेत बसून राहिली.

मग ते चित्र तहाचा आहेर म्हणून फ्रान्सच्या राणीकडे गेलं आणि घरी ओर्सोलावर कुणी विश्वास ठेवीना.

"राणीचे हात म्हणे," सासू जाकोमा म्हणायची. "मग आज मोर शिजवला असशील ना?"

नावाडी नवरा बेर्तो पाव चावत हसायचा. "राहू दे आई. स्वप्न पडलं असेल बिचारीला."

हसण्यावारी न्यायचे, तेच तिला लागायचं.

वसंतात फ्रान्सचा राजदूत परतीचा आहेर घेऊन आला. हातमोजे! चित्रातल्या हातांवर दोरी धरून, त्या मापानं शिवलेले. संध्याकाळी मेजवानी, आणि राणीसाहेबांची गुबगुबीत बोटं निम्म्यातच अडलेली. ओर्सोलाला बोलावणं आलं. आता आपलं काम जातंय, असं म्हणत ती ओले हात पुसत आत गेली.

"घाल बघू," राणीसाहेब म्हणाल्या.

मोजे अलगद चढले. दासी तोंडावर हात ठेवून हसू लागल्या.

"आता राजदूताला काय सांगू?"

"नुसते हातात धरा की, सरकार. जेवताना मोजे घालतं का कुणी?"

राणीसाहेबांनाही हसू फुटलं. "त्यापेक्षा तूच बस माझ्या जागी."

"नको सरकार. माझी सासू तिथंही येईल."

मोजे वाड्यातच राहिले. घरी तिनं सूपचा वाडगा पुढे केला, तशी जाकोमा थबकली. सुनेचा हात ओढून तिनं नाकाशी धरला.

"कस्तुरी?"

"मोज्यांना लावलेली होती. घालून पाहिले. माझ्याच मापाचे निघाले."

जाकोमानं दुसराही हात हुंगला. "बेर्तो, इकडे ये. वास घे. आणि ती स्वप्नाची बडबड पुन्हा ऐकू आली तर बघ."

मग ती दारात गेली आणि तिनं शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, मागून तिची आईही आली. सूप निवत होतं, आणि ओर्सोला दोन्ही हात पुढे करून, खुशाल बसली होती.