कावळ्याला दिलेला शब्द

बालाघाटात राहून मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्याला गावाबद्दल तक्रार करता येत नाही. गावानं मला कधी लिहू नको म्हटलं नाही, कारण मी लिहितो हे गावाला माहीतच नव्हतं. दिवसभर मी सरकारी कचेरीत हिंदीत टिपणं लिहितो, मुलगा घरात हिंदीत बोलतो आणि हिंदीतच रुसतो. बायको गोंदियाची, मराठी छान वाचते; पण जे घडलेलं नाही ते सगळं तिच्या हिशेबी भुताचं, आणि भुताच्या गोष्टी तिला आवडत नाहीत. अशा भरगच्च वाचकवर्गाच्या जोरावर मी चाळिशी ओलांडल्यावर लेखक व्हायचं ठरवलं.

पहिली कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकात आली. राजेगावच्या पुलापलीकडची राज्याची सीमा रोज रात्री वीतभर उत्तरेला सरकते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस आमच्या घराचं स्वयंपाकघर महाराष्ट्रात जातं आणि ओसरी मध्य प्रदेशात राहते, अशी ती कथा होती. ही सरकणारी सीमा फक्त एका म्हाताऱ्याला दिसते. तो जन्मभर जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेला असतो, आणि लोक त्याला वेडा ठरवतात.

माझे बाबा जन्मभर जमिनीची मोजणी करून निवृत्त झाले होते. या योगायोगाचा विचार मी लिहिताना केला नव्हता, असं मी त्यांना सांगितलं.

बाबांनी कथा ओसरीवर बसून, हातात पेन घेऊन वाचली. मग मला बोलावलं.

"हे कधी झालं?"

"झालं नाही, बाबा. कल्पना आहे."

"मंग छापलं काहून?"

मी ओसरीच्या पायरीवर बसलो.

"सीमा सरकत नाही. दगड गाडले असतात. मी सोता पाह्यले." त्यांनी पान उलटलं. "आन या म्हाताऱ्याले माहा चष्मा काहून देल्ला?"

कथेतल्या म्हाताऱ्याच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती आणि त्यानं तिथं दोरा बांधला होता. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या चष्म्यालाही दोरा होता. मी म्हटलं, असे चष्मे पुष्कळांचे असतात. ते म्हणाले, "हौ. पण वेडे पुष्कळ नसतात."

त्यानंतर त्यांनी माझ्या लेखनाबद्दल कधी एक शब्द काढला नाही. कोणी विषय काढला तर मान वळवून चष्मा पुसत बसायचे.

बाहेर मात्र माझा उत्कर्ष चालू होता. जळगावहून एका वाचकाचा फोन आला. त्याला कथा फार आवडली होती आणि सीमेलगत प्लॉट घ्यावा का, असा त्याचा प्रश्न होता. मग आमच्या मराठी मंडळानं गणपतीत माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं भाषण: "हे आपले बालाघाटचे वैज्ञानिक." कार्यक्रम संपल्यावर एक बाई सुनेला घेऊन आल्या. येत्या ग्रहणात सुनेनं भाजी चिरावी की नाही, हे त्यांना विज्ञानाकडून हवं होतं. मी नारळ सांभाळत म्हटलं, त्या वेळात आराम केलेला बरा. विज्ञानाची सेवा मी यापेक्षा जास्त कधी केली नसेल.

दुसरी कथा परत आली. "विज्ञान कमी आणि धान जास्त," असं संपादकांनी कळवलं. तिसऱ्या कथेतून मी धान काढलं, तर दुसऱ्या एका संपादकांनी पत्रातून विचारलं, यात तुमचा प्रदेश कुठे दिसतो? चौथी कथा लिहायला घेतली आणि बाबा गेले.

दहाव्याला आम्ही वैनगंगेच्या घाटावर गेलो. पिंड मांडला, हात जोडून मागे सरलो. समोरच्या झाडावर कावळा होता. तो पिंडाकडे बघत होता, आमच्याकडे बघत होता, आणि हलत नव्हता. कावळा शिवल्याशिवाय घरी कोणी जेवणार नाही, हे त्यालाही माहीत असावं.

अशा वेळी गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. मोठा भाऊ कटंगीला शेती बघतो. तो पुढे झाला. "बाबा, वावर इकत नाही." कावळ्यानं पंख खाजवले. काकांनी आईला काही कमी पडू देणार नाही म्हटलं. मेहुण्यानं बऱ्याच गोष्टींची हमी दिली, त्यातल्या काही त्याच्या हातातल्याही नव्हत्या. कावळा ढिम्म. ऊन चढलं. मागून कोणीतरी तुमसरच्या गाडीची वेळ विचारली.

"तू बोल ना बे काही," भाऊ मला म्हणाला. "तुह्याच्यातच अटकला असन जीव."

"माझ्यात कशाला?"

"मले काय विचारतं? चष्मा कोनाचा घेतलता?"

म्हणजे कथा त्यानंही वाचली होती. माझा तिसरा वाचक मला अशा ठिकाणी भेटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो आणि मोठ्यानं म्हटलं, "बाबा, मी लिहिणं सोडतो."

कावळा सरळ खाली आला. पिंडाला चोच लावली, एक घास घेतला आणि गेला. माझ्या लेखनाची इतकी तत्पर दखल कोणत्याही संपादकानं घेतलेली नाही.

लोक पाण्याकडे वळले. कोणी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात मला दिसलं की गुरुजींच्या हातात अर्धा वळलेला दर्भाचा कावळा आहे. खरा आलाच नाही तर गवताचा करून पिंडाला लावायचा, अशी सोय शास्त्रातच आहे. आणखी थोडा वेळ गप्प राहिलो असतो तर काम गवतावर भागलं असतं.

यापुढचं सांगायला लाज वाटते. त्या अर्धवट कावळ्याकडे बघताना मला बाबांची आठवण आली नाही, कथा सुचली. कावळे उरलेच नाहीत अशा काळात एक कारखाना घाटाघाटावर यंत्राचे कावळे पुरवतो. घरच्यांच्या आवाजावरून त्यांना खरा शब्द आणि खोटा शब्द ओळखता येतो. आणि एका घाटावर एक कावळा कोणाचाच शब्द मानत नाही. डोक्याचा चकोट केलेला, बापाच्या दहाव्याला ओलेत्या धोतरात उभा असलेला मी, त्या कावळ्याला बॅटरी किती पुरेल याचा विचार करत होतो. लिहिणं सोडतो म्हणालेलं तोंड अजून वाळलं नव्हतं.

घरी भावानं आईला सगळं सांगितलं. आई खूप दिवसांनी पोटभर जेवली. पुढे जो येईल त्याला सांगायची, "ते सुटले. याच्या शब्दावर सुटले." हे ऐकलं की मी बाहेर निघून जायचो. लोकांना वाटायचं, गहिवरला.

वर्षश्राद्ध होईपर्यंत मी खरंच काही लिहिलं नाही. मग मला पळवाट सापडली. मी लिहिणं सोडलं होतं, बोलणं नाही. संध्याकाळी खोलीचं दार लावून फोनला कथा सांगायला लागलो. मी बोलायचो, फोन टाइप करायचा. त्यात हात माझा नव्हता, म्हणून पापही माझं नव्हतं, असा माझा युक्तिवाद होता. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला असं सुचतं. फोन अधूनमधून माझं मराठी हिंदीत टाकायचा, ते मी बोटानं दुरुस्त करायचो आणि त्याला लिहिणं समजायचो नाही.

ती कथा मी पाठवली आणि एका दिवाळी अंकानं ती घेतली. नुसती घेतली नाही, संपादकांनी स्वतः फोन केला. "ही कथा जगून लिहिलेली वाटते," ते म्हणाले. त्याआधी कोणत्याही संपादकाशी माझं बोलणं झालं नव्हतं, आणि आता स्तुती ऐकताना घाटावरचा माझाच आवाज कानात येत होता. तेव्हा पितृपक्ष लागला होता आणि बाबांची तिथी दोन दिवसांवर आली होती.

तिथीला आईनं पहाटेपासून स्वयंपाक केला. वडे, कढी, खीर, भात. पान वाढून आम्ही दोघं गच्चीवर गेलो. आईनं पान कठड्यावर ठेवलं आणि हाक मारली, "या, या." पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. आला नाही.

विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला कावळा येत नाही म्हणून घाम फुटू नये. मला फुटला. भात वाळायला लागला. शेजारच्या गच्चीवरचे लोक त्यांचा कावळा जेवून गेल्यावर खाली गेलेसुद्धा.

"वर्षश्राद्धाले तर लगेच आलते," आई म्हणाली. ती कठड्याला धरून उभी होती. पहाटेपासून पाण्याशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं. "काय झालं असन बा? कुठं अटकले?"

तिच्या आवाजातली भीती ऐकून मी बोललो. लिहिलं, पाठवलं, छापून येणार आहे, शब्द मोडला. मी हात लावला नाही, फोननं टाइप केलं, हेही सांगितलं. माणसानं इतकं पडू नये.

आई टाकीकडे बघत म्हणाली, "कावळ्याच्या कारखान्याची ना?"

"तुला कसं माहीत?"

"भिंतीच्या अलीकडं मी असतो ना रे बसून. रोज आयकत होतो. मले वाटलं, कचेरीतल्या कोन्या मानसाले सांगून राह्यला. त्यानं मदीच ऐकनं बंद केलं का काय, शेवटचं नाही आयकू आलं."

शेवट मी बाजारात जाऊन बोललो होतो.

"म्हणजे तुला राग नाही?"

"माह्या रागानं काय होते? शब्द मले देल्ला का? त्यायले देल्ला. त्यायलेच सांग."

मी टाकीकडे तोंड करून हात जोडले. "बाबा, मी पुन्हा लिहायला लागलो. चष्म्याचं चुकलं." कावळ्यानं मान वळवून दुसरीकडे पाहिलं. ही सवय मला ओळखीची होती.

आईनं माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि पुढे झाली. देवाशी बोलतानाही तिचा आवाज कधी इतका वर चढलेला मी ऐकला नव्हता.

"अहो, आयकता का? लिहू द्या त्याले. लिहत नव्हता तं दिवसभर घरात माह्या मागं मागं फिरे, याले हात लाव, त्याले हात लाव. कुकर बिघडवला. तुमी तिकडं आहा, मले इथं राहा लागते. या आता, मले भूक लागली."

कावळा आला. भाताकडे पाहिलं नाही, खीर ओलांडली, वडा उचलला आणि परसातल्या चिंचेच्या झाडाकडे गेला. माझ्याजवळ याचं स्पष्टीकरण नाही. एवढंच सांगतो की बाबांनी हयातीत तिचं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

"वडाच नेते ते," आई म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

अंक आल्यावर मी तो ओसरीवर बसून तिला वाचून दाखवला. शेवटी माझा हट्टी यंत्र-कावळा खाली उतरतो आणि खीर खातो. आईनं तिथं मला थांबवलं.

"खीर नाही. वडा."

"आई, आता छापून आलं."

"मंग पुढच्या गोष्टीत बरोबर लिहिजो," ती म्हणाली, आणि वाती वळायला घेतल्या.