नव्या खेळाडूचा सव्वा महिना

आमच्या घरात एक नियम आहे. बदली झाली की नव्या गावाला सव्वा महिना द्यायचा, बाळंतिणीला देतात तसा. तोवर कुणी कुरकुर करायची नाही, "तिकडे कसं छान होतं" हा राग आळवायचा नाही. सव्वा महिना भरला की शिरा करायचा, तिघांनी बसायचं आणि ज्याच्या पोटात जे असेल ते बाहेर काढायचं. नियम माझाच. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, पंधरा वर्षांत पाच गावं झाली. नियम नसता तर मी रोज उठून भांडले असते. तशी भांडतेच, पण विषय वेगळे असतात.

भोपाळहून चंदीगडला आलो ते ऑक्टोबरच्या शेवटी, लेकीची आठवी अर्धी सरल्यावर. म्हणायचं चंदीगड, राहायचं झिरकपूरला, सातव्या मजल्यावर. खिडकीतून एअरपोर्ट रोडवरची गाड्यांची रांग दिसते. नवरा सकाळी त्या रांगेत शिरतो आणि संध्याकाळी त्याच रांगेतून बाहेर पडतो.

या वेळच्या सव्वा महिन्यावर बरंच काही टांगलेलं होतं. भोपाळच्या शाळेनं सांगितलं होतं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळवा, नववीची जागा राखून ठेवतो. म्हणून आमचं ठरलं की लेक इथे रुळली नाही तर ती आणि मी भोपाळला परत जायचं, दहावी होईपर्यंत तिकडेच राहायचं. नवरा इथे एकटा. "चालेल," तो म्हणाला आणि खोक्यांमध्ये पकड शोधायला लागला. त्याला वाईट वाटलं की तो काहीतरी शोधायला लागतो.

आता बास्केटबॉलचं सांगते. लेक खेळते, भोपाळपासूनच. अमेरिकेतली व्यावसायिक लीग नेमकी आम्ही आलो त्याच आठवड्यात सुरू झाली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. मी डब्यासाठी कणीक मळत असायची आणि पोट्टी रजई अंगावर ओढून, फोन नाकाशी धरून ओट्याशेजारी बसलेली. स्कूलबस येईपर्यंत जेवढी मॅच होईल तेवढी बघायची. मला संघांची नावं लक्षात राहत नाहीत, मी कपड्यांच्या रंगावर चालते. लालवाले, हिरवेवाले, जांभळेवाले.

"मम्मा, ये नया आया है," ती एकदा जांभळ्यांतल्या एका उंच माणसाला बोट लावून म्हणाली. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते. आमचं तसंच चालतं. "गर्मियों में ट्रेड हुआ."

"म्हणजे बदली?"

"हाँ, वही."

"त्याला विचारलं होतं का?"

"नहीं. फोन आता है, बस."

बाप्पा! म्हटलं, हे तर आपल्याच घरचं! तिथून मला नाद लागला.

चार मॅच झाल्या नाहीत तोच फोनवरच्या जाणकार मंडळींनी निकाल लावून टाकले. हा संघ संपला, तो अजिंक्यपद घेणार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी भोपाळला गणिताच्या शिकवण्या घेत असे, वीस पोरं येत. मला हे सहन होईना. नाणं दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा पडला, तर नाणं खोटं ठरतं का? शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ज्यानं कुकर लावलाय त्याला विचारा, वरचं शीत शिजलेलं असतं आणि खालचा भात लागलेला असतो. मी लेकीला म्हटलं, यांनाही सव्वा महिना देऊ. तोवर कुणाला चांगलं नाही म्हणायचं, वाईट नाही म्हणायचं, नुसतं बघायचं.

मग आमचा रविवारचा कार्यक्रम ठरला. ज्या संघांत नवी माणसं आली होती असे सहा संघ तिनं निवडले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांचे तक्ते काढले. हरले-जिंकले ते लीगच्या गुणतक्त्यात दिसतंच. आम्ही बघायचो, नव्या माणसाकडे चेंडू जातो का. आणि त्यात फार मजेशीर गोष्टी दिसायला लागल्या. लाल संघ सगळ्या मॅच जिंकत होता, पण त्यांची पाचही माणसं जुनीच, एकमेकांकडे न बघता चेंडू देत. हिरव्यांकडे तिघे नवे. ते मॅचभर गोडीगुलाबीनं खेळत आणि शेवटच्या दहा मिनिटांत जुने फक्त जुन्यांना चेंडू द्यायला लागत. घाईच्या वेळी माणूस ओळखीच्याच हातात वस्तू देतो, हे मी त्यापूर्वी कधी नीट पाहिलं नव्हतं.

जांभळे मात्र सारखे हरत होते, आणि खापर त्या उंच नव्यावर. मी त्याला नीट पाहिलं. तो उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. जागा चांगली, समोर कुणी नाही, पण दोन्ही हात खाली.

"अगं, हा हात वर काहून करत नाही?" मी लाटणं घेऊनच म्हटलं. "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. मागत काहून नाही हा चेंडू?"

"शरमाता होगा."

"नोकरीत लाजून कसं चालेल?"

ती फोनकडे बघतच म्हणाली, "नए को वैसे भी कोई पास नहीं देता."

म्हटलं, ही स्वतःबद्दल बोलून राहिली. तक्रार करायची नाही हा माझाच नियम, मग पोरगी बिचारी जांभळ्यांच्या आडून सांगणार नाही तर काय करणार? संध्याकाळी नवरा आल्या आल्या मी सांगितलं, "पोट्टी आतून खचलीय. आपल्याला भोपाळला जावं लागणार."

"तिनं सांगितलं?"

"सांगायला पाहिजे का? आई आहे मी."

तो टॉर्च शोधायला लागला.

तिची शाळा चंदीगडात. नोव्हेंबरच्या अखेरीस एका दुपारी मी ऑटोनं तिथे गेले, तिला न सांगता. मैदानाच्या जाळीबाहेर एक झाड होतं, त्याच्या आडोशाला उभी राहिले. चोरासारखी! बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली, माझ्या लेकीकडे किती वेळा चेंडू येतो. पाव तास मोजलं. अकरा वेळा आला. आणि नुसता आला नाही, ती मागत होती. दोन्ही हात वर करून, "ओए, ऐत्थे! ऐत्थे!" म्हणून पंजाबीत ओरडत होती. ही पंजाबी कधी शिकली? एका मुलीनं तिच्या पाठीत धपाटा घातला, दोघी खिदळल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. मला वाईट वाटलं. एखादा आकडा हवा होता आणि तो आला नाही, असं वाटलं. परतीच्या ऑटोत मी ओढणीनं डोळे पुसत बसले आणि ऑटोवाल्याला सांगितलं की धूर लागतोय. का रडते आहे ते मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. कळत होतं, पण ते मी बाजूला सारलं.

घरी आल्यावर फ्रिजवरच्या डब्याकडे लक्ष गेलं. तो समोरच्या सरदारनी आंटींचा. साठीच्या पुढच्या, गुडघ्यांनी बेजार, पण आम्ही आलो त्याच आठवड्यात त्या डबाभर पकोड्यांची कढी घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. "दोपहर को नीचे आया कर, हम सब धूप में बैठती हैं." मी "हाँ जी, पक्का" म्हटलं आणि एकदाही गेले नाही. डबा रिकामा कसा द्यायचा, काहीतरी चांगलं करून देऊ, असं म्हणत म्हणत तो फ्रिजवर चढला आणि तिथेच राहिला. मग उशीर झाला म्हणून द्यायला आणखी लाज. जिन्यात त्यांचा आवाज आला की मी लिफ्ट येईपर्यंत दाराच्या आतच थांबायची.

सव्वा महिना भरला तो रविवार. शिरा केला. नवऱ्यानं सुरुवात केली, "ट्रॅफिक सोडलं तर माझं ठीक." संपलं त्याचं.

लेकीनं कॅलेंडर उलटं करून मांडीवर घेतलं आणि आधी लीगचा अहवाल दिला. लालवाले अजून वर, पण त्यांची दमछाक दिसते. हिरव्यांच्या तिघांपैकी एकच रुळला. जांभळे अजून खालीच, मात्र गेल्या चारपैकी दोन जिंकले. "क्योंकि वो लंबू अब हाथ उठाता है," ती म्हणाली. "माँगता है."

"ते राहू दे. तुझं सांग."

"मेरा अच्छा है. टीम में हूँ." मग माझ्याकडे बघून, "आपका मैं बताऊँ?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "माझं काय? मी ठीकच आहे."

"आप कोने में खड़े हो, मम्मा. हाथ नीचे."

"मला इथे कोण पास देणार आहे?" माझा आवाज चढला.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फ्रिजवरचा डबा घेऊन आली आणि शिऱ्याच्या ताटलीशेजारी ठेवला. "पास तो पहले हफ़्ते में आया था. बॉल आपके पास है. सव्वा महिन्यापासून."

शेवटचे शब्द मराठीत. मला इतका राग आला की थोबाडीत द्यावीशी वाटली. ती थांबली नाही. "आपको भोपाल जाना है तो बोलो कि आपको जाना है. मेरा नाम मत लो."

नवरा खाली बघत शिऱ्यातला बेदाणा चमच्यानं इकडून तिकडे ढकलत होता. या वेळी काही शोधायला उठला नाही.

"हो," मी म्हटलं. "मला जायचंय. तिथे मला वीस पोरं मॅडम म्हणायची. इथे दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही. मला इथे कुणी ओळखत नाही." आणि रडले, दोघांसमोर, चांगली हमसून.

"अगं, मग आधी सांगायचं ना," नवरा म्हणाला.

"नियम होता ना!"

"नियम कोणी केला?"

रडता रडता हसू फुटलं, असाच आहे मेला हा माणूस! लेकीनं माझ्या पाठीत धपाटा घातला, मैदानावर तिला बसला होता अगदी तसाच.

डबा धुतला, पुसला, शिऱ्यानं काठोकाठ भरला. समोरच्या दारापर्यंत सहा पावलं आहेत. घंटी वाजवली. आतून चप्पल फरपटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग कडी निघाली. आंटींनी आधी डब्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मैं तो समझी, तुम लोग चले गए," त्या म्हणाल्या.

मागे आमचं दार उघडंच होतं. दोघेही ऐकत होते.

"नहीं जी," मी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. "यहीं हैं."

भोपाळच्या शाळेला फोन सोमवारी केला, जागा राखू नका म्हणून.