ताईचा दगड, नवा करून आणलेला

रविवारी सकाळी घरातले उठायच्या आत मी किचन सिंकमध्ये काचेचं वाडगं ठेवते आणि गळ्यातला दगड काढून त्यात सोडते. पाणी कोमट हवं, कढत नको. साबण नको. चिंच, लिंबू, रांगोळी यांतलं काही नको, तो देवघरातला तांब्या नव्हे. तान्ह्या मुलांचा मिळतो तो मऊ ब्रश भोकाभोवती हलकेच फिरवायचा, जुन्या पंच्याच्या तुकड्याने दगड टिपायचा आणि मग बोटावर खोबरेल घेऊन चोळत बसायचं. लंडनच्या हॅरोमध्ये खोबरेल वर्षाचे बरेच महिने थिजलेलं असतं, म्हणून बाटली आधी रेडिएटरवर ठेवावी लागते. नवरा याला 'तुझी पूजा' म्हणतो. म्हणू दे.

दगड न्यूझीलंडचा, गडद हिरवा, करंगळीएवढा. ताई तिकडे हॉस्पिटलात नर्स होती. तिने वॉर्ड सोडला तेव्हा बरोबरीच्या एका माओरी बाईंनी तो तिच्या गळ्यात बांधला. असा दगड आपला आपण विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी द्यावा लागतो, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ताई शेवटची माझ्याकडे आली, तेव्हा परत जाताना हीथ्रोवर तिने तो स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. दगड गरम होता. गोफासारखा विणलेला दोरा तिच्या केसांच्या तेलाने काळपट झाला होता आणि त्याला खोबरेलाचा न् तिचा असा मिळून वास होता.

"डब्यात ठेवून देऊ नकोस हं," ती म्हणाली. "तुझी सवय मला माहितीय. चांगली वस्तू मिळाली की कापसात गुंडाळून कपाटात. हा अंगावर राहायला हवा. अंगाचं तेल पितो तो."

एका कडेला बारीकसा टवका उडालेला होता. हात धुताना तो एकदा वॉर्डच्या बेसिनवर आपटला होता म्हणे. बोलता बोलता त्या टवक्यावर अंगठा फिरवायची तिला खोड होती. मलाही ती लागली. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये उभ्याने जाताना माझा अंगठा आपोआप तिथे जायचा.

पुढे व्हिडिओ कॉल झाला की ती आधी माझा गळा बघायची. मग एके दिवशी तिचा कॅमेरा बंद झाला. नेट चालत नाही, म्हणाली. आवाज थकलेला वाटायचा. विचारलं तर म्हणायची, सर्दी झालीय. मी सुंठ घ्यायला सांगत होते! तिकडे तिची केमो चालू होती, केस गेले होते, आणि मी इकडून सुंठ न् गूळ सांगत होते.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा भावोजी, म्हणजे तिचे यजमान, रडत रडत म्हणाले, "तुमच्या यजमानांना मी सगळं कळवत होतो." मी फोन कानाला लावूनच नवऱ्याकडे बघितलं. तो डिशवॉशर रिकामा करत होता. त्याने बशी जागेवर ठेवली आणि दुसरी उचलली.

"तुला माहीत होतं?"

"तूच विचार कर ना, लेकीची ए-लेव्हलची परीक्षा तोंडावर होती. तू सगळं टाकून पळाली असतीस."

"हो. पळाले असते."

"म्हणूनच. उगाच तुला त्रास नको म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं. ताईंनाही तेच हवं होतं."

आपल्या लोकांची ही रीत मला ठाऊक नाही असं नाही. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत, तिकडे एकटा आहे, कोसळेल म्हणतात. माणूस गेल्यावर मात्र लगेच कळवतात. ताईला तेच हवं होतं की नाही, हे मला आता कुणाला विचारता येणार? ती बोलायला होती तोवर मला विचारू दिलं नाही.

सासूबाईंनी पुण्याहून फोनवर निकाल दिला. लग्न झालेल्या बहिणीचं सूतक आपल्या घराला लागत नाही, डोक्यावरून आंघोळ केली की झालं. झालं! त्या शनिवारी नवऱ्याच्या मित्राकडे सत्यनारायण होता, तिथेही जायला हरकत नाही म्हणाल्या. मी गेले नाही. पण थोड्या दिवसांनी त्यांना व्हिडिओवर माझ्या गळ्यातला दोरा दिसला आणि त्यांनी मुलाला वेगळं बोलावून सांगितलं, गेलेल्या माणसाच्या अंगावरचा दोरा सवाष्णीच्या गळ्यात नको. म्हणजे बहीण गेल्याचं सूतक नाही, पण बहिणीच्या दोऱ्याचा विटाळ आहे. हा हिशोब मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

आंघोळीला जाताना मी तो बाथरूमच्या खिडकीत काढून ठेवायची. एका शनिवारी बाहेर आले तर तिथे नव्हता. मी अख्खं घर उलटंपालटं केलं. संध्याकाळी नवरा हसत हसत आला आणि मखमली डबी माझ्या हातात ठेवली. आत सोन्याच्या टोपीत बसवलेला दगड, त्याला सोन्याची चेन. सोनाराकडून मशीनवर पॉलिश करून आणला होता. काचेच्या गोटीसारखा चकचकत होता. मी कडेवर अंगठा फिरवला. टवका नव्हता. घासून कड सरळ केली होती.

"दोरा कुठाय?"

"तो? अगं, किती कळकट झाला होता. टाकला तिथेच."

"कुठे टाकलास?"

"दुकानातल्या बिनमध्ये असेल. आता काय, तो शोधायला जायचं?"

मी गेले. बस पकडून गेले. दुकानाचं शटर खाली आलं होतं आणि बाहेर कचऱ्याची एकही पिशवी उरली नव्हती. घरी आले तर लेक म्हणाली, "आई, बाबाने किती छान चेन आणला! यू शुड बी हॅपी."

दुसऱ्याच दिवशी मी पक्कड घेऊन ती टोपी उचकटून काढली. दगड साध्या काळ्या दोऱ्यात ओवला. तेव्हापासून दर रविवारी तेल लावतेय. चकाकी हळूहळू उतरतेय, रंग पुन्हा खोल होतोय. पण तो आता माझ्या तेलाने होतोय. ताईचं त्यात काही उरलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी, हात तेलाने माखलेले असताना नणंदेचा पुण्याहून फोन आला. स्पीकरवर घेतला.

"वहिनी, आईला आयसीयूत ठेवलंय. डॉक्टर फार आशा नाही म्हणतात. पण दादाला इतक्यात सांगू नका हं. त्याचं प्रोजेक्ट चालू आहे, उगाच धावत येईल."

मी दगड चोळत होते, तो चोळतच राहिले. खोटं कशाला बोलू, गप्प बसावं असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. एकदा त्यालाही कळू दे, असं वाटलं. मग मी हात पुसले, वर जाऊन त्याला उठवलं आणि म्हटलं, "आई आयसीयूत आहेत. आत्ताच्या आत्ता तिकीट काढ."

तो वेळेत पोचला. सासूबाई शुद्धीवर होत्या, त्यांनी त्याला ओळखलं, त्याच्या हातून पाणी घेतलं. त्यांचं तेराव्यापर्यंतचं सगळं करून तो परतला तेव्हा त्याला आणायला मी हीथ्रोला गेले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू. गाडीत तो एवढंच म्हणाला, "बरं झालं लगेच सांगितलंस." मी वाट बघितली. त्याने सीट मागे केली आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर त्याने बॅगेतून सासूबाईंची सुती शाल काढली. मऊ पडलेली, वापरून विटलेली. मी कपडे धुवायला गोळा करत होते, तशी त्याने घाईने ती छातीशी धरली.

"ही मशीनमध्ये टाकू नकोस हं. आईचा वास आहे हिला."

मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. हात आपोआप गळ्यातल्या दगडाकडे गेला आणि अंगठा सरळ कडेवरून फिरत राहिला. आता तरी त्याला काही आठवेल, असं मला वाटलं.

"काय झालं?" तो म्हणाला. "चहा टाकतेस का?"